बरणीचा दादरा

कराड मागं पडलं, इस्लामपूर मागं पडलं, तरी बनुबाईनं मांडीवरची बरणी काही खाली ठेवली नाही.

“आई, पाय वळतील. गोधडीत गुंडाळून डिकीत ठिवतो की,” जयराज आरशातनं बघत म्हणाला.

“तू म्होरं बघून गाडी चालीव.”

मागच्या सीटवर शेजारी बसलेल्या अंकितानं सासूकडं पाहिलं आणि नजर बाहेरच्या उसाकडं वळवली. तिला सातवा महिना लागला होता. बरणी होती त्या सीटवर बसायची तिची इच्छा नव्हती, पण हे सांगणार कुणाला? हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं बरणीला भ्यावं हे तिचं तिलाच पटत नव्हतं. भीती काही पदवी बघून येत नाही. पांढऱ्याशुभ्र बरणीला निळ्या रंगाचं ते जनावर विळखा घालून होतं. लांब मिशा, वटारलेले डोळे, आणि चारी पायांना पाच-पाच नखं. जगदाळ्यांच्या घरात त्याला ‘नख्या’ म्हणत. पोर झोपत नसलं की “नख्या येतोय बघ” एवढं म्हणायचं, की पोर चिडीचूप. चार पिढ्या त्या भीतीवर निजल्या होत्या.

आणि ह्याच बरणीत हात घातला म्हणून जयराजचा थोरला भाऊ शंभू चार वर्षांचा असताना गेला होता. आत गूळ होता. गुळाच्या खड्याआड तांबडी इंगळी होती. तालुक्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच पोरगं निळंजांभळं पडलं.

जयराज तेव्हा जन्मलाही नव्हता. पण दोष कुणाचा, हे त्याला आईच्या दुधाबरोबरच पाजलं गेलं होतं. दोष मानसिंगकाकाचा. आज्ज्यानं वाटणी करताना बरणी थोरल्या दादासोला, जयराजच्या वडलांना, दिली आणि झाकण धाकट्या मानसिंगला, म्हणजे एकट्या कुणाला विकता येऊ नये. मानसिंग झाकण घेऊन त्याच दिवशी सांगलीला निघून गेला. बरणी उघडी पडली, इंगळी शिरली. गावात आजही मानसिंगला ‘झाकणवाला’ म्हणतात.

आज मानसिंगच्या घरी बरणी आणि झाकण चाळीस वर्षांनी एका छताखाली येणार होतं. पुण्याहून माया वाघमारे नावाची जाणकार बाई तपासायला आली होती. जोड खरी ठरली तर सरकारदरबारी नोंद करून दोन्ही घरांनी मिळून ती चांगल्या ठिकाणी द्यायची, असं जयराजच्या मनात होतं. त्यापायी त्यानं जन्मात पहिल्यांदा काकाला फोन केला होता.

बनुबाई मात्र सकाळपासून भ्याली होती. तिची भीती नख्याची नव्हती. ते झाकण ह्या बरणीवर कधी बसलंच नव्हतं, आणि सासू, नवरा गेल्यावर हे आता जगात आपल्या एकटीलाच ठाऊक आहे, असं ती धरून चालली होती.

ठेवलं की ते एका अंगाला कलायचं, आणि करंगळी शिरेल एवढी फट राहायची. नवी नवरी म्हणून ती घरात आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, “झाकण शोभेला, पोरी. राखण करतोय त्यो दादरा.” दादरा म्हणजे बरणीच्या तोंडावर बांधायचं मांजरपाटाचं दुहेरी फडकं. मानेभोवती सुतळीचे वेढे घालून तो असा आवळायचा की मुंगीसुद्धा आत जाऊ नये. एकटीला ते जमत नसे. गाठीवर बोट ठेवायला घरातलं कुणी ना कुणी पोर लागायचं.

वाटणीच्या दिवशी पंच बसले होते. घर फुटत होतं, पण दारात आलेल्या माणसाला गूळपाणी चुकवायचं नाही ही ह्या घराची रीत. तिनं दादरा सोडला, गुळाचे खडे ताटलीत घेतले, बाहेर नेले. बाहेर दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले. ती मध्ये पडली, रडली, रात्री तशीच निजली. दादरा फडताळावरच राहिला. सकाळी शंभू उठला, आणि कुणी बघायच्या आत त्यानं बरणीत हात घातला.

झाकण नेलं म्हणून झालं, असं त्या दिवशी दारात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. कोण म्हणालं ते तिला आठवत नव्हतं. ती फक्त नाही म्हणाली नाही. नंतर तीही तेच म्हणायला लागली, आणि म्हणता म्हणता तिला ते खरंही वाटायला लागलं. आता ती पुण्याची बाई सगळ्यांच्या देखत झाकण बरणीवर ठेवणार. ते कलणार. आणि जयराज, तिचा उरलेला एकुलता एक ल्योक, आईकडं बघणार. ते बघणं कसं असेल, एवढाच विचार तिला सांगलीपर्यंत पुरला.

*

सांगलीत विश्रामबागेतल्या घरात मानसिंगची बायको संयोगिता सकाळपासून चारदा देवापुढं जाऊन आली होती. मानसिंगची बायपास होऊन वर्षही झालं नव्हतं. मनाला लावून घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि आज, ह्या घरचं पाणीसुद्धा जिनं कधी घेतलं नाही ती जाऊ उंबरा ओलांडून येणार होती. म्हातारी काय बोलेल, हे कुठं ऐकतील, काळीज कुठं धरतील, ह्या धास्तीनं तिचा हात एका कामाला लागत नव्हता.

लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा ते सगळं घडून गेलेलं होतं. भावकीतल्या लग्नात बायका आपली पोरं मानसिंगजवळनं ओढून नेताना तिनं पाहिल्या होत्या. तेव्हा ती चिडायची. तो म्हणायचा, “जाऊ दे गं. घरचं पोर गेलंय.”

पण तिला आज खुपत होतं ते वेगळंच. जयराजचा फोन आला तेव्हा मानसिंग त्याला म्हणाला होता, “झाकण? त्ये घर बदलताना हरवलं बाबा.” आणि संयोगिता शेजारनं पटकन बोलून गेली होती, “आवं, हरवलं कुठं? कपाटात तुमच्या जुन्या वर्दीखाली आहे की!” त्या वेळी त्यानं तिच्याकडं पाहिलं ते तिला अजून विसरता येत नव्हतं. सरहद्दीवर वर्षं काढलेला सुभेदार, आणि एका झाकणापायी त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“तुम्ही खोटं का बोललात त्या दिवशी?” तिनं आता पुन्हा विचारलं.

“वाद नगं म्हणून.”

“वाद मिटावा म्हणूनच तर येतायत ना ती माणसं?”

मानसिंगनं दारातनं डोकावून पाहिलं. बाहेरच्या खोलीत माया टेबलावर जाड टॉवेल पसरून झाकण बघत बसली होती. मुलगी मूळची कवठे महांकाळची, पुण्यातल्या एका संग्रहालयात चिनी मातीच्या जुन्या वस्तू सांभाळायचं काम करायची. तिनं भिंग लावून झाकण फिरवून पाहिलं होतं, आणि “बरणी येऊ दे, मग बोलू” एवढंच म्हणाली होती. ते ऐकून मानसिंगनं घोटभर पाणी मागितलं होतं.

फाटकाशी गाडी थांबली.

*

बनुबाई बरणी कडेवर घेऊनच उतरली. जयराज हात द्यायला गेला तर तिनं कोपरानं बाजूला सारला.

मानसिंग पायऱ्या उतरून खाली आला आणि वाकला. “वयनी.”

वाकताना सदऱ्याचं वरचं बटण सुटलं आणि छातीवरचा उभा व्रण बनुबाईला दिसला. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या मनात धस्स झालं. हेबी माझ्याच पदरात का काय, देवा?

“कवा झालं ह्ये?” तिनं विचारलं.

“झालं मागल्या वर्सी. आता ठीक हाय.”

दिराभावजयीत चाळीस वर्षांनी झालेलं बोलणं ते एवढंच. संयोगितानं गूळपाण्याची ताटली पुढं केली. बनुबाईनं ताटलीकडं पाहिलं आणि मान वळवली. “असू दे. मागनं.”

संयोगिताचा चेहरा उतरला. अंकितानं तेवढ्यात तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्याली आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. जयराजनं बायकोकडं डोळे वटारून पाहिलं. “उन्हातनं आलेय,” ती शांतपणे म्हणाली आणि संयोगिताच्या शेजारीच जाऊन बसली.

बरणी टेबलावर आली. मायानं दादऱ्याच्या गाठीला हात घातला तशी बनुबाई म्हणाली, “थांब बाय. मी सोडते.” सुटेपर्यंत तिनं जमेल तेवढा वेळ लावला. पण गाठ शेवटी गाठच, ती सुटते.

मायानं बरणी हलकेच फिरवली. पायांवरची नखं मोजताना तिचे ओठ हलत होते. मग ती मागं टेकून बसली.

“ही खरी आहे,” ती म्हणाली. “पाच नखांचा ड्रॅगन म्हणजे खुद्द बादशहाचा. राजवाड्यासाठी वेगळी भट्टी असायची. जरा डाग दिसला तर तिथंच फोडून पुरायचे. दुसऱ्या कुणी ही वापरली तर त्याची धडगत नसे. आणि तुम्ही हिच्यात गूळ ठेवलात!”

“आमच्या खापरपणज्यास्नी, राणोजी सुभेदारास्नी, बक्षीस मिळाल्याली,” जयराज छाती काढून म्हणाला. “चीनच्या लढाईत. पलटणीसंगं गेलं व्हतं त्ये.”

माया जरा घुटमळली. “बक्षीस असेलही. पण त्या लढाईत, एकोणीसशे साली, आठ देशांच्या फौजा पेकिंगमध्ये घुसल्या होत्या. वाडे लुटले गेले. कुणी उचललं, कुणी लिलावात घेतलं, कुणी रस्त्यावर मातीमोलानं. शंभर वर्षं ह्या वस्तू अशाच हातोहात फिरतायत. आणि लुटीत जोड कोण बघत बसतो? हाताला लागेल ते घ्यायचं. बरणी ह्या दालनातली, झाकण त्या दालनातलं. पुढं हौशी लोकांनी ज्याचं त्याला असं न बघता बसवून टाकली. मोठमोठ्या संग्रहालयांत परक्या टोप्या घालून उभ्या असलेल्या बरण्या आहेत.”

बनुबाईनं लुगड्याचा पदर मुठीत घट्ट धरला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ही पोरगी आपल्याकडंच बघून बोलतेय असं तिला वाटायला लागलं.

मायाचं बोट आता बरणीच्या मानेवरनं फिरत होतं. “इथं कडं उमटलंय. सुतळीचं. फार वर्षं, फार घट्ट बांधलेलं दिसतंय.” तिनं वर पाहिलं. “झाकण होतं ना तुमच्याकडं? मग कापड कशाला बांधायचे?”

अंकिताला सासूचा श्वास ऐकू आला. इतका मोठा की तिनं वळून पाहिलं, तर म्हातारीच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ओठ पांढरे पडले होते. एवढी घाबरलेली सासू अंकितानं कधी पाहिली नव्हती. तिचा स्वतःचा हात आपोआप पोटावर गेला.

“बरणीला दादरा बांधतातच की,” संयोगिता सहज म्हणाली. “झाकण असो नाहीतर नसो. माझी आईपण बांधायची.”

बनुबाईनं जावेकडं पाहिलं. जिचा गूळ नाकारला त्या बाईनंच तिला आता तारलं होतं.

“बघू या मग,” म्हणून मायानं झाकणाकडं हात नेला.

“ऱ्हाऊ दे की,” मानसिंग एकदम म्हणाला. “बरणी बघितली न्हवं? झाकण काय, झाकणच.”

“नगं जया,” बनुबाईही त्याच वेळी म्हणाली. “चल, जाऊ घरला.”

जयराज दोघांकडं आळीपाळीनं बघायला लागला. ही दोन माणसं एका बाजूनं बोलताना त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्याला कसलातरी वास आला, आणि वास आला की तो आई म्हणाली म्हणून थांबणाऱ्यातला नव्हता.

“का?” तो मानसिंगला म्हणाला. “चाळीस वर्सं वर्दीखाली दाबून ठिवलंसा, आज ठेवायला काय हुतंय? ठेवा ओ मॅडम.”

मायानं झाकण ठेवलं.

खळ्ळ असा आवाज झाला आणि ते डावीकडं कललं. तिनं फिरवलं. ते उजवीकडं कललं. जरासा धक्का लागला तसं ते डुगडुगत राहिलं, आणि उन्हाच्या उजेडात काठाखालची काळी फट सगळ्यांना दिसली.

“मला मघाशीच शंका आली होती,” माया हळू म्हणाली. “झाकणावरच्या ड्रॅगनला चारच नखं आहेत. ते बादशहाचं नाही, कुण्या सरदाराचं असेल. हे झाकण ह्या बरणीचं नव्हतंच कधी.”

जोड गेली ह्याचं जयराजला वाईट वाटायला हवं होतं. त्याचा चेहरा भलताच झाला होता. तो टेबलाजवळ आला, खाली वाकला, आणि त्या फटीत त्यानं करंगळी घातली. ती सहज आत गेली.

“नव्हतंच कधी,” तो पुटपुटला. “म्हंजी… घरात व्हतं तवाबी असंच कलायचं?” त्यानं मान वर केली. “मग इंगळीला झाकणानं काय अडवलं असतं? आई?”

बनुबाईला वाटलं, आता पायाखालची फरशी निघणार. नख्या बरणीवरनं डोळे वटारून बघत होता, आणि तिचा ल्योक तसाच बघत होता.

“बसत व्हतं पयलं,” मानसिंग मध्येच म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पलटणीत ऑर्डर द्यावी तसा. “चांगलं गच्च बसत व्हतं. माझ्याकडनं पडलं एकदा. कड उडाली, तवापासनं डुगतंय. चूक माझीच हाय. झाकण मी न्हेलं, झाकण मीच पाडलं. संपलं.”

मायानं झाकणाच्या काठाकडं पाहिलं. काठ अखंड होता, कुठं टवकासुद्धा नव्हता. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

झाकली मूठ पुन्हा झाकली गेली होती. बनुबाईनं नुसतं गप्प बसायचं होतं. चाळीस वर्षांचा सराव होता. ती गप्प बसलीही. मग तिनं पाहिलं, मानसिंगचा हात छातीवर गेला होता, त्या व्रणावर. संयोगिता “आवं!” म्हणून धावली होती. तो हात हलवून “काय न्हाई, काय न्हाई” म्हणत होता आणि खुर्चीत बसत होता. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

एक पोर घेतलंय ह्या बरणीनं. आता ह्यालाबी घेणार का? हे शब्द कुणी उच्चारले नव्हते, पण बनुबाईनं ते ऐकले.

“न्हाई,” ती म्हणाली.

“वयनी, तुमी गप बसा,” मानसिंग म्हणाला.

“लय बसले. जया, झाकण कवाच बसत न्हवतं. दादरा बांधायचो आमी. त्या दिशी गूळ काढला आन् दादरा बांधायचा ऱ्हाऊन गेला. माझ्याकडनं. भावजींचा काय दोस न्हाई.”

एवढं बोलून ती थांबली. आणखी काही सांगण्यासारखं नव्हतंच.

जयराज आईकडं बघत उभा राहिला. ज्या बघण्याला ती भीत होती ते हेच. त्यात राग नव्हता. अनोळखी बाईकडं बघावं तसा तो बघत होता. मग तो वळला आणि दारात जाऊन सगळ्यांकडं पाठ करून उभा राहिला. अंकिता उठली, त्याच्याकडं जायला निघाली, आणि मध्येच थांबून सासूजवळ येऊन टेकली.

संयोगितानं नवऱ्याच्या जिभेखाली गोळी ठेवली. “तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. “म्हणून हरवलं म्हणालात. माझ्या पोरांना भावकीत कुणी जवळ घेतलं नाही, लग्नात आपल्याला शेवटच्या पंगतीत बसवलं, आणि तुम्हाला सगळं माहीत होतं!”

“व्हय.”

“मग का?”

त्यानं गोळी जिभेखाली विरघळू दिली. “सांगावा आला तसा मी माघारी गेलो,” तो म्हणाला. “माणसं आत पोराभवती. आन् वयनी परड्यातनं हिरीकडं जीव द्यायला निघाल्याली. डोस्क्यावर पदर न्हाई, पायात काय न्हाई. तोंडानं एकच, माझ्यामुळं, माझ्यामुळं. मी हाताला धरून वढून आणलं. आन् दारात हुबा ऱ्हाऊन मोठ्यांदा बोललो, झाकण मी न्हेलं म्हणून झालं.” त्यानं बायकोकडं पाहिलं. “कुणावर तरी राग धरल्याबगार ती जगली नसती गं.”

बनुबाईला आता तो आवाज आठवला. दारातला. तो ह्याचाच होता. ज्याला चाळीस वर्षं तळतळाट दिले, त्यानंच ते तळतळाट तिच्या हातात दिले होते.

संयोगिता उठून आत गेली आणि स्वयंपाकघरातनं भांडी आदळल्याचा आवाज आला. तिचं काय चुकलं होतं?

बरणीचं तोंड उघडं होतं. बनुबाईचं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडंच जात होतं. शेवटी तिनं टेबलावरचं फडकं उचललं, तोंडावर पसरलं, सुतळीचे वेढे घातले. गाठीशी येऊन ती थांबली.

“जया,” ती दाराकडं बघून म्हणाली, “बोट ठेव, बाळा.”

जयराजची पाठ हलली नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. अंकितानं हात पुढं केला, पण त्याआधीच मानसिंग खुर्चीतनं उठून टेबलाशी आला होता.

“मीच ठेवायचो की, वयनी,” तो म्हणाला. “तुमी लगीन हून आला तवा मी धा वर्साचा व्हतो. ठेवलं की तुमी गुळाचा खडा द्यायचा. इसरला व्हय?”

त्यानं बोट ठेवलं. बनुबाईनं टोकं ओढली, तिला आवळता येईल तेवढी आवळली. गाठ बसली, पण बोट काढून घ्यायचं भान त्याला राहिलं नाही आणि ते सुतळीखाली अडकलं. आतनं संयोगितानं हाक मारेपर्यंत ते सोडवायची घाई दोघांनीही केली नाही.